तिसऱ्या तबकडीचा भरवसा

"हं, आ करा. अजून. अजून थोडा मोठा. शाब्बास! तर लग्न लागलं, आणि लागल्या लागल्या दोघांची जुंपली."

खुर्चीत आडव्या झालेल्या शिंप्याने डोळे विस्फारले. त्याच्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे होते, ओठाच्या कोपऱ्यात थुंकी ओढणारी नळी लटकत होती आणि खालची दाढ अर्धी कोरून झाली होती. तरीही त्याला राहवेना.

"ओआची?" त्याने विचारलं.

"छत्रीवालीची आणि कप्तानाची, दुसऱ्या कोणाची?" दातांचे डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून त्यांना व्यंजनं गाळून केलेलं बोलणं उत्तम समजत असे. "ऐका, ऐका. कशी फटकारतेय बघा त्याला!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर रेकॉर्ड फिरत होती आणि तिच्यातली बाई खरोखरच कोणाला तरी फैलावर घेत होती. कोणत्या भाषेत, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं आणि शिंप्याला तर नव्हतंच. पण बायको नवऱ्याला झापत असली की भाषा कळावी लागत नाही, नुसत्या सुरावरून अंगावर येतं. शिंप्याने मोठ्या समजूतदारपणे मान हलवली आणि डॉक्टर ओरडले, "हलू नका हो!"

हे खूळ डॉक्टरांच्या डोक्यात शिरलं ते एका निवृत्त शिक्षिकेमुळे. डॉक्टरांनी केलेली कवळी तिला फार मानवली होती. गाव सोडून मुलीकडे राहायला जाताना तिने दवाखान्यात तीन जुन्या तबकड्या आणून ठेवल्या. कव्हर कधीच फाटून गेलेलं. त्याचा एक तुकडा तेवढा उरला होता आणि त्यावर छत्री घेतलेली एक मुलगी, लष्करी कोटातला एक तरुण आणि मागे हातात पेले उंचावलेली बरीच मंडळी, असं चित्र होतं.

"ऑपेरेटा आहे," शिक्षिका म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुन्या काळचं तिकडचं संगीत नाटक. लोक भेटतात ते गाऊन, रुसतात ते गाऊन, आणि शेवटी सगळं छान होतं. तुम्ही एकदा ऐका तरी. तुमचं ते गिरमिट ऐकण्यापेक्षा बरं."

गिरमिट म्हणजे दाढ कोरायचं यंत्र. त्याच्या आवाजाला निम्मं गाव घाबरत असे, आणि डॉक्टरांनाही मनातून तो आवडत नसे. त्यांनी एक जुना साधा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून आणला आणि पेशंटसाठी म्हणून तबकड्या लावायला सुरुवात केली. आता डॉक्टर म्हणजे टापटिपीचा अर्क. दातांच्या साच्यांवर चिकटवायच्या पांढऱ्या गोल चिठ्ठ्या त्यांच्याकडे ढीगभर होत्या. म्हातारीने ज्या क्रमाने तबकड्या दिल्या होत्या त्या क्रमाने त्यांनी प्रत्येक बाजूवर, अगदी मधोमध, एकेक चिठ्ठी डकवून टाकली. "पहिली, वरची बाजू." "पहिली, खालची बाजू." असं तिसरीपर्यंत. खालच्या लेबलावर परकी अक्षरं होती, काहीबाही आकडे होते, ते झाकले गेले. कामाचं त्यात काही नसावं असं त्यांना वाटलं, आणि घोळ जो झाला तो इथेच झाला.

मग ते ऐकत बसले. एकदा, दोनदा, रोज. पहिल्या तबकडीच्या वरच्या बाजूला मोठा गलका होता, बाजार भरलेला, कप्तान गावात येतो आणि आल्या आल्या ऐटीत गातो. तबकडी उलटली की घंटाच घंटा, सगळ्यांचं समूहगान, पेल्यांचा किणकिणाट. म्हणजे लग्न, यात शंकाच नको. दुसऱ्या तबकडीला दोघांचं कडाक्याचं भांडण, आणि ती उलटली की एकट्या बाईचं गाणं, इतकं जिवाला लागणारं की डॉक्टरांच्या हातातला आरसा थांबायचा. तिसऱ्या तबकडीला ती दोघं पुन्हा समोरासमोर येत. चाचरत, अडखळत, एकेक ओळ बोलून गप्प होत. आणि तिच्या मागल्या बाजूला हळू, गिरक्या घेणारं एक युगुलगीत होतं. ते ऐकताना डॉक्टरांना आपलं वय, गुडघे आणि वाट पाहणारे पेशंट यांचा विसर पडत असे.

एवढं हाती लागल्यावर गोष्ट जुळवायला कितीसा वेळ? आधी लग्न, मग भांडण, मग ती निघून जाते, मग दोघांची खरी ओळख होते आणि शेवटी प्रेम. ही गोष्ट डॉक्टर खुर्चीतल्या प्रत्येकाला हप्त्याहप्त्याने सांगू लागले. ज्याच्या तोंडात कापूस आहे त्याच्याइतका गुणी श्रोता जगात नाही. शंका काढत नाही, फाटे फोडत नाही, जांभई दिली तरी ती डॉक्टरांच्या कामाचीच असते. लोक एरवी दुसऱ्या खेपेला टाळाटाळ करायचे, ते आता "पुढे काय झालं?" म्हणून दिलेल्या वेळेच्या आधी येऊन बसू लागले.

डॉक्टर वाचनालयातून पुस्तकंही आणू लागले. जुन्या नाट्यगृहांवरचा एक जाडजूड ग्रंथ जेवणाच्या टेबलावरच मुक्कामाला आला. "अगं, ऐकलंस का," ते बायकोला म्हणत, "त्या काळी बायका नाटकाला एवढाल्या टोप्या घालून यायच्या की मागच्या रांगेला नुसत्या टोप्याच दिसायच्या. आणि गॅसचे दिवे! अर्धं नाटक म्हणे लोक घाम पुसत बघायचे. पण गाणं आवडलं की उठूच द्यायचे नाहीत नटाला. वन्समोअरवर वन्समोअर!"

"हो का?" बायको म्हणायची आणि त्यांच्या ताटात वाढायची. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या दोन खोल्यांत, त्यामुळे छत्रीवाली आणि कप्तान दिवसभर तिच्याही कानावर पडतच होते. तिने कधी हूं का चूं केलं नाही.

इथे डॉक्टरांचं एक जुनं दुखणं सांगायला हवं. बायकोचं माहेर म्हणजे गाणाऱ्यांचं घर. लग्न ठरलं तेव्हा तिच्या थोरल्या भावाने आतल्या खोलीत बहिणीला सांगितलं होतं, "बेबी, माणूस चांगला आहे. पण कान नाही गं त्याला." दार उघडं होतं. कान नसलेल्या माणसाने ते शब्द स्पष्ट ऐकले आणि तेव्हापासून ते त्याच्या मनात रुतून बसले होते. हा भाऊ, म्हणजे दादा, पुढे रेडिओवर निवेदक झाला, निवृत्त झाला, पण अजूनही चहा मागताना समोर मायक्रोफोन असल्यासारखा मागायचा. डॉक्टरांना आयुष्यात फार काही नको होतं. एकदाच, फक्त एकदाच, बायकोने म्हणावं की तुम्हाला गाण्यातलं कळतं हो. दादांच्या देखत म्हणाली तर दुधात साखर.

ती संधी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी आणली. बाईंच्या पुढच्या दाताला टोपी बसवायची होती, त्यामुळे त्यांनी गोष्ट पुरती ऐकली होती.

"डॉक्टर, हे सगळ्यांना ऐकवा ना," तोंड मोकळं होताच त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तुम्ही गोष्ट सांगायची, रेकॉर्ड लावायची. मी सगळ्यांना बोलावते."

 तोंडं मिटलेली माणसं, म्हणजे जी तोंडं कधीही उघडू शकतात अशी, समोर बसवून बोलायची डॉक्टरांना सवय नव्हती. पण मग त्यांच्या डोळ्यांसमोर बायको पहिल्या रांगेत बसलेली आली. ते म्हणाले, "चालेल."

आता आपली गोष्ट जरा शिंप्याकडे वळवू. शिंप्याच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि तीही नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन बापाकडे येऊन बसली होती. कारण काय, तर नवरा तिच्याशी बोलतच नाही. शिंप्याने समजावलं, त्याची बायको रडली, काही उपयोग होईना. शेवटी शिंप्याने, गाल सुजलेला असताना, तिला छत्रीवालीची गोष्ट सांगितली.

"हे बघ पोरी," तो म्हणाला, "तुझी आत्ता दुसरी तबकडी चालू आहे. मागची बाजू. अजून तिसरी लागायचीय."

मुलगी हसली, आणि बॅग घेऊन परत गेली. ही बातमी शिंप्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माप घेता घेता सांगितली. रविवार उजाडेपर्यंत गावात कोणाचं घरात वाजलं की लोक "दुसरी तबकडी दिसतेय" म्हणू लागले होते.

रविवारी वरचा हॉल गच्च भरला. ग्रंथपाल बाईंनी दाराशी फळा लावला होता आणि त्यावर खडूने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: पहिली तबकडी, आगमन आणि लग्न. दुसरी तबकडी, भांडण आणि विरह. तिसरी तबकडी, ओळख आणि प्रेम. लोक वाचून पुढे जात होते. एक गृहस्थ मात्र थांबले, त्यांनी चष्मा लावला, काढला आणि परत लावला. हे दादा. बहिणीचं निमंत्रण होतं म्हणून खास आले होते, आणि कार्यक्रमाला जाताना तयारीनिशी जावं या रेडिओतल्या सवयीने त्यांनी बगलेत ऑपेरेटांवरचं एक पुस्तक आणलं होतं. बहिणीने सांगितलेल्या छत्रीवालीच्या वर्णनावरून त्यांनी खेळ ओळखला होता, आणि पुस्तकात त्याची पूर्ण कथा होती.

"छान," दादा फळ्याकडे बघून म्हणाले. त्यांचं छान ऐकून बहिणीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग दोघं पहिल्या रांगेत जाऊन बसली.

डॉक्टरांनी घसा साफ केला. सुरुवातीला त्यांनी सुई दोनदा तबकडीच्या कडेबाहेरच टेकवली. पण बाजार भरला, कप्तान ऐटीत गाऊ लागला आणि डॉक्टरांनाही कंठ फुटला. टोप्यांची गंमत सांगितली, लोक हसले. गॅसच्या दिव्यांची सांगितली, पुन्हा हसले. त्यांनी हळूच पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायकोही हसत होती. मग त्यांनी तबकडी उलटली, घंटा वाजल्या, आणि ते उत्साहाने म्हणाले, "आणि मंडळी, इथे लागतं लग्न!"

"क्षमस्व," पहिल्या रांगेतून आवाज आला. असा आवाज की बाहेर जिन्यावरचे लोकसुद्धा गप्प झाले. दादा उभे राहिले होते. "लग्न शेवटी लागतं."

"शेवटी कसं लागेल?" डॉक्टर म्हणाले. "हे बघा, इथे लागतंय की."

"पुस्तकात लिहिलंय." दादांनी खूण घातलेलं पान उघडलं. "प्रथम दोघं भेटतात आणि भांडतात. नंतर ओळख होते. मग प्रेम. मग गैरसमज, विरह, आणि सरतेशेवटी विवाह. आणि तो कप्तान नाहीच मुळी. बँडमध्ये तुतारी वाजवणारा आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कप्तानाचं लोकांना फारच लागलं.

दादा पुढे आले. प्लेअर थांबवून त्यांनी तबकडी उचलली, नखाने ती पांढरी गोल चिठ्ठी हळूच सोलली आणि उजेडात धरली. "बघा. काय आकडा आहे?"

"सहा," ग्रंथपाल बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"सहा! पहिल्या बाजूच्या पाठीवर सहावी. दुसरीच्या पाठीवर पाचवी. तिसरीच्या पाठीवर चौथी. कारण काय? पूर्वी अशी यंत्रं असायची की तबकड्या एकावर एक रचून ठेवायच्या. एक संपली की दुसरी आपोआप खाली पडायची. एक, दोन, तीन वाजून झालं की सगळी चळतच उलटी करायची, की चार, पाच, सहा. त्या यंत्रासाठी बनवलेल्या या तबकड्या आहेत. डॉक्टरांनी एकेक तबकडी दोन्ही बाजूंनी वाजवली आणि सगळ्या नाटकाचा चुराडा केला."

डॉक्टर पांढरेफटक पडले. कान नाही गं त्याला. तेच वाक्य आता भरल्या सभेत, पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. त्यांना पहिल्या रांगेकडे बघवेना. त्यांनी दादांच्या हातातून चिठ्ठी नसलेली तबकडी घेतली आणि ती तशीच धरून उभे राहिले.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अहो, मग माझ्या पोरीचं काय?" शिंपी ओरडला. "ती तिसऱ्या तबकडीच्या भरवशावर परत गेलीय! आता तुम्ही सांगताय की तिसरी आधीच होऊन गेली? आणि शेवट विरहात?"

"शेवट विवाहात," दादा म्हणाले.

"विवाह झालाय हो तिचा! झालाय म्हणून तर भांडण झालं!"

एकच गिल्ला झाला. कोणी म्हणालं पुन्हा पहिल्यापासून लावा, कोणी म्हणालं मग फळा पुसा, ग्रंथपाल बाई डस्टर घेऊन धावल्या आणि फळ्यापाशी जाऊन, नक्की काय पुसायचं ते न कळून थांबल्या. दादा विजयी मुद्रेने बहिणीकडे वळले. "अगं बेबी, आपल्या घरी तर होतं असं यंत्र. बाबांचं. तुला कसं आठवलं नाही?"

"आठवलं की," ती म्हणाली.

"मग हे चुकतायत ते तुला कळलं नाही?"

"कळलं ना. पहिल्याच दिवशी."

 डॉक्टरांनी मान वर केली. ती उठून उभी राहिली होती आणि पदराशी चाळा करत होती, कारण तिलाही चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"लग्नानंतर भांडण आलं तेव्हाच कळलं क्रम उलटा लागलाय," ती म्हणाली. "म्हटलं, सांगावं. पण पुढे ऐकत गेले तर मला काही चुकल्यासारखं वाटेना. आमचं असंच तर झालं. बघायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या वाकड्या सुळ्याकडे पाहत बसले. आधी लग्न लागलं. मग वर्षभर भांडलो. मग मी माहेरी निघून गेले, दादा, तुला आठवत असेल. हे न्यायला आले आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून तासभर बाबांची कवळी घासत बसले. परत येताना बसमध्ये कुठे पहिल्यांदा धड बोललो. ओळख तेव्हा झाली. आणि बाकीचं..." ती लाजली. "बाकीचं त्याच्याही नंतर. तुझ्या पुस्तकातलं खरं असेल रे. पण ते मला जरा घाईचं वाटतं. लग्न लागलं आणि पडदा. खरं नाटक तर पुढेच असतं."

 मग मागच्या रांगेतून एक पोरगेला पुरुषी आवाज आला. "डॉक्टर, तिसरी लावा ना." हा शिंप्याचा जावई होता. न बोलणारा म्हणून ज्याची ख्याती, तोच बोलला होता. शेजारी बसलेल्या शिंप्याच्या मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं की शिंपी घाईघाईने खाली बसला.

"लावा, लावा! डॉक्टरांच्याच क्रमाने लावा!" सगळे ओरडू लागले.

डॉक्टरांनी थांबली होती तिथूनच लावली. घंटा वाजल्या, भांडण झालं, ती एकटी गायली आणि बऱ्याच जणांनी उगाच चष्मे पुसले. शेवटचं गिरक्यांचं गाणं संपलं तेव्हा हॉलमधून असा "वन्समोअर!" उठला की डॉक्टरांना सुई उचलून पुन्हा मागे ठेवावी लागली. दादा हाताची घडी घालून बसले होते, पण त्यांचा बूट ताल देत होता.

दुपारी दादा बहिणीकडे जेवायला थांबले. जेवण होताच त्यांनी हुकूम सोडला, "आता एकदा हे व्यवस्थित होऊ दे." आणि स्वतः प्लेअरपाशी बसून, एकेक चिठ्ठी सोलून, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा अशा रांगेत सगळं नाटक लावलं. तिघांनी ते शिस्तीत ऐकलं. ती भेटली, भांडली, ओळख झाली, प्रेम झालं, ताटातूट झाली, आणि शेवटी घंटा. पेल्यांचा किणकिणाट झाला आणि सुई नुसतीच खरखरत राहिली.

"संपलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"संपलं," दादा समाधानाने म्हणाले.

"आणि पुढे?"

"पुढे काय? लग्न झालं, संपलं. लग्नानंतर काय असतं?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने डॉक्टरांकडे, आणि दोघं एकदम जी हसत सुटली ती काही केल्या थांबेनात. दादा जन्मभर ब्रह्मचारी राहिलेले, त्यांनी दोनदा "काय झालं?" विचारलं, मग रागावून काठी घेतली आणि वर्तमानपत्र वाचायला गच्चीत निघून गेले.

हसणं ओसरल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं होतं, तर मला सांगितलं का नाहीस गं?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही जेवताना दाढ सोडून दुसरं काहीतरी सांगत होतात," ती म्हणाली. "मध्ये कशाला बोलायचं?"

 मग चाचरत डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे मला... कान नाही, ते खरंच?"

तिने टेबलावर पडलेल्या सोललेल्या चिठ्ठ्यांतली एक उचलली, तिसऱ्या तबकडीवर होती तिथेच पुन्हा अंगठ्याने दाबून चिकटवली आणि तबकडी त्यांच्या हातात दिली.

"गाण्यातलं कळतं हो तुम्हाला," ती म्हणाली. "वन्समोअर."